थंड मुलुखांतील सुरण : जपानचा कोन्याकू व त्याची हिवाळ्यांतील निगा

सुरण आमच्या वाचकांस नवा नाहीं. कोंकणांत आणि देशावरील बागाईत गांवांतही परसाच्या कडेला, केळीच्या किंवा नारळीच्या सांवलींत त्याचे दोन-चार गड्डे असतातच. ठाणें, पालघर व रायगड या जिल्ह्यांत पहिल्या पावसाबरोबर रानांत उगवणारें शेवळें ही त्याच्याच कुळांतील रानभाजी होय. या कुळाचें एक भावंड मात्र असें आहे कीं, ज्या मुलुखांत हिवाळ्यांत जमीन गोठते व डोंगर बर्फानें पांढरे होतात, त्या मुलुखांत तें शेतेंच्या शेतें भरून लावलें जातें. जपानी लोक त्यास कोन्याकू म्हणतात.

गेल्या कांहीं वर्षांत मोठ्या शहरांच्या दुकानांतून कोन्याकूच्या पिठाच्या पारदर्शक शेवया दिसूं लागल्या आहेत, आणि त्या पाहून ‘हें पीक आपल्याकडे कां होऊं नये’ असा प्रश्न कोणाही धडपड्या शेतकऱ्याच्या मनांत येणें साहजिक आहे. या प्रश्नास एका शब्दांत उत्तर देणें बरें नव्हे. हें पीक तिकडे कसें करतात आणि त्यांत शेतकऱ्याचें भांडवल नेमकें कोठें बुडतें, हें आधीं समजून घेतलें पाहिजे. तें भांडवल शेतांत जितकें बुडतें, त्याहून अधिक हिवाळ्यांत घरांत बुडतें, असें आमचें मत झालें आहे. म्हणून या लेखांत लागवडीपेक्षां हिवाळ्याविषयींच अधिक लिहिलें आहे.

कोन्याकूचें मूळ वसतिस्थान म्हणजे चीनच्या नैऋत्येकडील युनान व त्याच्या आसपासचा डोंगराळ प्रदेश. तेथील विरळ जंगलांत, झाडांच्या कडेनें, पालापाचोळा कुजून झालेल्या भुसभुशीत मातींत हा कंद वाढतो. त्या मुलुखांत पाऊस उन्हाळ्यांत पडतो व हिवाळा कोरडा जातो. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, कारण पुढील सर्व खटाटोपाचें मूळ तिच्यांत आहे. आपला सुरणही पावसाळ्यांत पान काढतो आणि पाऊस सरल्यावर पान टाकून जमिनींत निजतो. म्हणजे वर्षाचा कांहीं काळ जमिनीखालीं निजून काढावा, ही संवय या कुळाच्या अंगींच आहे. आपल्या सुरणाची झोप कोरड उन्हाळ्याची, कोन्याकूची झोप कोरड हिवाळ्याची. निजलेल्या कंदाला थंडी बेताची असेल तर सोसतें. त्याला सोसत नाहीं ती ओल.

रोपाचें स्वरूप सुरणासारखेंच आहे. जमिनींतून एकच जाड, ठिपकेदार दांडा वर येतो आणि त्याच्या शेंड्याला छत्रीसारखें, अनेक ठिकाणीं चिरलेलें एकच पान पसरतें. वर्षाकाठीं एका गड्ड्याला बहुधा हें एकच पान. वाऱ्यानें दांडा मोडला, गारांनीं पान फाटलें किंवा रोगानें तें अकालीं वाळलें, तर त्या वर्षीं दुसरें पान येण्याची आशा धरूं नये. ज्वारीचें एखादें पान कीड खाऊन गेली तर बाकीचीं पानें असतात. येथें सगळें भांडवल एका पानावर. याच कारणास्तव वाऱ्याच्या तोंडावरची जमीन आणि भर दुपारचें कडक ऊन, दोन्हीं या पिकाला वर्ज्य आहेत. चार-पांच वर्षांचा गड्डा झाला म्हणजे वसंत ऋतूंत पानाऐवजीं फूल येतें. तें काळपट जांभळें असतें व त्यास मेलेल्या जनावरासारखी दुर्गंधी येते. माशांना तीच आवडते. शेतकऱ्याला मात्र फूल नको असतें, कारण सांठविलेला सत्त्वांश त्यांत खर्ची पडतो.

जपानांत आज जेवढा कोन्याकू पिकतो त्याचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग एकट्या गुन्मा प्रांतांतला आहे. हा प्रांत तोकियोच्या वायव्येस, हारुना, आकागी व म्योगी या तीन डोंगरांच्या परिसरांत पसरलेला आहे. ज्वालामुखीच्या राखेची काळी, हलकी जमीन. तींत पाणी ठरत नाहीं. पाऊस मुख्यतः उन्हाळ्यांत. हिवाळ्यांत समुद्राकडून येणारे ढग पलीकडच्या पर्वतांवर बर्फ टाकून रिकामे होतात आणि अलीकडे गुन्म्यांत कोरडा, झोंबरा वारा वाहतो. प्रांताचें मुख्य ठिकाण माएबाशी येथें जानेवारीचें सरासरी उष्णमान तीन-चार अंश असतें. डोंगरांतील गांवांत याहून कमी. हिंव कडक, पण आकाश निरभ्र व हवा कोरडी. युनानच्या हिवाळ्यांत गारठा अधिक घातला कीं गुन्म्याचा हिवाळा झाला, असें म्हणतां येईल.

पूर्वीं या प्रांताचें खरें पीक रेशीम होतें. १८७२ सालीं सरकारनें उभारलेली तोमिओका येथील रेशमाची गिरणी याच प्रांतांत आहे. पुढें रेशमाचा व्यापार बसला, तुतीचे मळे मोडले, आणि त्यांतील पुष्कळ जमिनी कोन्याकूकडे वळल्या. शिमोनिता हें गांव मात्र जुन्या काळापासून या कंदासाठीं नांवाजलेलें आहे. अरुंद दऱ्या, चढावाचीं शेतें, डोंगराआड लवकर जाणारा सूर्य. भाताला निरुपयोगी ठरलेली ही जमीन कोन्याकूला नेमकी मानवली, कारण जंगलाच्या कडेची सांवली तिला डोंगरानेंच दिली होती.

आतां पिकाचा हिशेब पाहूं. प्रस्तुत लेखकाची नोकरी महसुलाच्या दफ्तरांत कारकुनीची झाली, त्यामुळें कोणतेंही पीक प्रथम रकान्यांत मांडून पाहण्याची खोड जडली आहे. आपल्या गांवनमुना बारांत पिकाची नोंद सालवार होते. कोन्याकूचा हिशेब सालवार लागत नाहीं, तो तीन सालांचा आहे. मोठ्या गड्ड्याच्या अंगाला दर वर्षीं बोटाएवढीं, नखाएवढीं पिलें फुटतात. काढणीच्या वेळीं तीं वेगळीं करून ठेवतात व पुढील वसंतांत लावतात. त्यांचा शरद ऋतूंत लहान गड्डा तयार होतो. हा पहिल्या सालचा. तो काढून, हिवाळाभर सांभाळून, पुन्हां लावला म्हणजे दुसऱ्या सालचा. आणि तसेंच आणखी एकदां केलें म्हणजे तिसऱ्या सालचा, जो बाजारांत जातो. चांगल्या सालीं गड्ड्याचें वजन दर वर्षीं पांच पटींपासून दहा पटींपर्यंत वाढतें. कांहीं सुधारलेल्या जातींचे गड्डे दुसऱ्याच वर्षीं विकण्याजोगे होतात.

याचा अर्थ असा कीं, ज्याला दर साल विक्रीचा माल हवा त्याच्याजवळ एकाच वेळीं तीन वयांचीं शेतें पाहिजेत आणि गड्डा जसा मोठा तसें लागवडीचें अंतरही मोठें, म्हणून दर साल त्याच बियाण्याला अधिक जमीन लागते. त्यांत पहिल्या सालचे गड्डे हिवाळ्यांत कुजले, तर नुकसान त्या सालीं दिसतच नाहीं. त्या सालीं तिसऱ्या सालचा माल नेहमींप्रमाणें विकला जातो व घरांत पैसाही येतो. तूट उघडी पडते ती दोन वर्षांनीं, जेव्हां विकायला गड्डे नसतात. ज्याचें घर सावकाराच्या उधारीवर चालतें त्याला असलें पीक झेपत नाहीं.

लागवड तिकडे मे महिन्यांत, म्हणजे आपल्या वैशाखाच्या सुमारास, हिंव पडण्याची भीति संपल्यावर करतात. गड्ड्याच्या माथ्यावर मध्यें खळगा असतो व त्या खळग्यांत कोंब. गड्डा सरळ ठेवला तर खळग्यांत पाणी सांचून कोंब कुजतो. म्हणून तो कलता ठेवतात, अशा बेतानें कीं कोंब तिरपा राहील व पाणी घरंगळून जाईल. युक्ति साधी आहे, पण तिच्यामुळें बियाणें वांचतें. जमीन आधीं उंच वरंब्यांची करतात. शेणखत अर्धकच्चें असूं नये. तें पुरतें कुजलेलें असावें.

कोंब वर येण्याच्या सुमारास मातीची एकदां भर देतात, आणि त्यानंतर शेतांत कुदळ किंवा कोळपें घालीत नाहींत. कारण सांगण्यासारखें आहे. बहुतेक कंदांचीं मुळें बुडाला फुटतात; याचीं मुळें कोंबाच्या सभोंवार, माथ्याकडे फुटतात आणि जमिनीच्या वरच्या थरांत आडवीं पसरतात. कोळपणी केली कीं मुळें तुटलीं, आणि तुटक्या मुळांवाटे रोग शिरला. तणाचा बंदोबस्त म्हणून कांहीं शेतकरी ओळींच्या मधून सातू पेरतात. तो उन्हाळ्याच्या तापानें आपोआप वाळून आडवा पडतो व जमिनीवर चटईसारखा पसरतो. त्यानें तण दबतें, पावसाचे थेंब मातीवर आपटून ती पानावर उडत नाहीं, आणि उतारावरची माती वाहून जात नाहीं. पूर्वीं याच कामासाठीं डोंगरावरचें गवत कापून अंथरीत. जंगलांत झाडें जो पाला टाकतात त्याचीच ही नक्कल होय.

जून-जुलैच्या दरम्यान जमिनीखालीं अदलाबदल चालू होते. जुना गड्डा पान उभारण्यांत आपलें सर्व सत्त्व खर्च करून सुरकुततो व नाहींसा होतो, आणि त्याच्याच माथ्यावर नवा गड्डा धरतो. सुरणाचेंही असेंच आहे. पुष्कळांची समजूत जुनाच गड्डा फुगतो अशी असते, ती बरोबर नाहीं. दर वर्षीं कंद सर्वस्वीं नवा असतो. ही अदलाबदल चालू असतां रोप अशक्त असतें. जुन्याचें भांडवल संपलेलें आणि नव्यानें अद्याप कमाई सुरू केलेली नाहीं. या काळांत लागलेला पाण्याचा ताण किंवा मोडलेलें पान वर्षाचें नुकसान करून जातें.

सप्टेंबरअखेर पान पिवळें पडूं लागतें, दांडा मऊ होऊन गळतो, आणि येथून खरी परीक्षा सुरू होते. हिवाळ्यासाठीं गड्डा जमिनींत राहूं द्यावा कीं काढावा?

जुनी डोंगरी रीत राहूं देण्याची होती. जंगलाच्या कडेला, तीव्र उतारावर, निचऱ्याच्या खडकाळ मातींत लावलेले गड्डे तीन-चार वर्षें जागचे हलवीत नसत. वर गवताचें जाड पांघरूण घालीत. दर शरदांत फक्त मोठे झालेले गड्डे काढीत, त्यांचीं पिलें तेथेंच मातींत परत लोटीत, आणि शेतांत सर्व वयांचीं रोपें एकत्र नांदत. या रीतींत खर्च थोडा, रोग थोडा, गड्ड्यांस इजा थोडी, पण उत्पन्नही थोडें. ही शेती म्हणण्यापेक्षां राखलेलें रान म्हणणें अधिक शोभेल. कांहीं डोंगरी गांवांत ती अजून थोडीफार आहे, व त्या गड्ड्यांस चवीसाठीं मान आहे.

ही रीत कोठें चालते व कोठें चालत नाहीं, हें गोठणाऱ्या जमिनीच्या खोलीवर अवलंबून आहे. गड्डा ज्या खोलीवर आहे तेथपर्यंत जमीन गोठली तर तो वांचत नाहीं. गोठलेला गड्डा वरून धडधाकट दिसतो आणि विरघळतांच पाणी सुटून लगदा होतो. वीतभर जाड पाला किंवा गवत असेल तर हिंव खालपर्यंत पोंचत नाहीं. इंग्लंडांतील हौशी बागाईतदार याच कुळांतील कंद शोभेसाठीं उघड्यावर लावतात व हिवाळ्यांत वर पाल्याचा ढीग करतात. तेथील हिवाळा गुन्म्यापेक्षां कांहीं ठिकाणीं सौम्य, पण ओला असतो. म्हणून त्यांना थंडीपेक्षां निचऱ्याची काळजी अधिक करावी लागते, आणि भिंतीच्या आडोशाची किंवा झाडाखालची कोरडी जागा ते शोधून काढतात. सपाट, भारी जमिनींत नुसता पाला घालून कांहीं होत नाहीं. पाल्याखालीं थंडी अडते, ओल मात्र कोंडते.

बाजारासाठीं लावणारा गुन्म्याचा शेतकरी गड्डे काढतो. ऑक्टोबरअखेर व नोव्हेंबरांत, कोरडा दिवस पाहून, पहिलें कडक हिंव पडण्यापूर्वीं काढणी उरकतात. काढलेले गड्डे उन्हांत पसरून वरची माती व ओल सुकवितात. त्यानंतर कांहीं दिवस कोमट, वाहत्या हवेंत ठेवून त्यांच्या अंगचें थोडें पाणी उडवितात. यानें साल चिवट होते, आणि पिलें तोडलेल्या जागीं व कुदळ लागलेल्या जागीं खपली धरते. ही खपली धरल्याखेरीज गड्डा कोठींत जाऊं नये. एकावर एक रचलेल्या ओल्या गड्ड्यांत एक सडला कीं त्याचें पाणी शेजाऱ्यांवर उतरतें, आणि होळीपर्यंत खोकें रिकामें करावें लागतें.

कोठींतील उष्णमान पांच ते दहा अंशांच्या दरम्यान ठेवतात. त्याखालीं गेलें तर गड्ड्यास थंडी बाधते. फार वर गेलें तर तो वेळेपूर्वीं जागा होऊन कोंब काढतो, व लागवडीपर्यंत कोंब लांबून मोडतात. हवा फार दमट झाली तर बुरशी धरते, फार कोरडी झाली तर गड्डा सुकून हलका होतो. पूर्वीं घराचा माळा हीच कोठी असे. रेशमाच्या किड्यांसाठीं बांधलेले उंच, हवेशीर माळे घराघरांत होतेच. खालच्या चुलाण्याची धग व धूर वर जाई, आणि पाट्यांवर पसरलेले गड्डे हिवाळाभर उबेंत राहत. आज उष्णमान राखणारीं यंत्रें व खोकीं ठेवण्याचीं गोदामें आहेत. तत्त्व बदललेलें नाहीं : एकेरी किंवा विरळ थर, फिरती हवा, आणि पंधरा दिवसांनीं हात घालून मऊ लागेल तो गड्डा बाहेर. हें काम घरांतील जुन्या माणसाच्या हातचें आहे. तो गड्डा डोळ्यानें न पाहतां बोटानें ओळखतो.

रोगांविषयीं विस्तार करीत नाहीं. जिवाणूंनीं होणारी सड, पानावरचा करपा, मूळकूज व खोडाशीं पांढरी बुरशी, हे मुख्य. पानासाठीं मोरचूद व चुन्याचें बोर्डो मिश्रण फवारतात. एकाच जमिनींत वर्षानुवर्षें हेंच पीक घेतलें तर मूळकूज हटत नाहीं, म्हणून जमिनीची फेरपालट करावीच लागते. सरकारी संशोधनांतून निघालेल्या हारुनाकुरो व आकागीओदामा या जाती तेथील डोंगरांच्या नांवांवरून ओळखल्या जातात. त्यांनीं उत्पन्न वाढलें, पण हिवाळ्यांतील निगा त्यांनाही चुकली नाहीं.

या कंदाची खाज सुरणाहून भारी आहे. त्यांतील सुईसारखे बारीक स्फटिक जिभेला व घशाला टोंचतात. आपण सुरणाला चिंच किंवा आमसूल लावतों, शेवळ्यांत काकडाचीं आंबट फळें घालतों. जपानी लोक आंबटाच्या उलट वाटेनें गेले. ते गड्ड्याचें पीठ पाण्यांत कालवून फुगूं देतात, आणि मग त्यांत चुन्याची निवळी घालून घोटतात. पूर्वीं लांकडाच्या राखेचें पाणी घालीत. चुन्यानें तो लगदा आळतो, उकळल्यावर त्याची रबरासारखी वडी होते, व खाज जाते. वडींत जवळजवळ शंभरांत सत्याण्णव भाग पाणीच असतें. अन्न म्हणून तींत पोषण नगण्य. पोट भरल्यासारखें वाटतें व कोठा साफ राहतो, एवढाच तिचा गुण. आज श्रीमंत देशांत तिला जी मागणी आहे ती तिच्यांत कांहीं नाहीं म्हणूनच आहे, ही जरा गमतीची गोष्ट होय.

ताजा गड्डा फार दिवस टिकत नसल्यानें पूर्वीं हें खाणें हंगामीच होतें. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत मितो संस्थानांतील नाकाजिमा तोएमोन या शेतकऱ्यानें गड्ड्याच्या चकत्या वाळवून त्यांचें पीठ करण्याची रीत काढली, आणि हा माल दूरच्या बाजारांत जाऊं लागला. दाइगो गांवीं त्याचें देऊळ आहे. पुढें दुसऱ्या महायुद्धांत, १९४४-४५ सालीं, याच पिठाच्या खळीनें कागद चिकटवून जपानी सैन्यानें बाँबचे फुगे बनविले व वाऱ्यावर अमेरिकेकडे सोडले. त्यांतील एका बाँबनें मे १९४५ मध्यें ओरेगन राज्यांत सहा माणसें मेलीं. गरिबाच्या वडीचें पीठ तेथवर पोंचलें.

आतां आपल्याकडील प्रश्न. आपल्या सुरणाचें पीठ कोन्याकूच्या पिठाचें काम करील, ही कल्पना सोडून द्यावी. सुरणांत मुख्यतः पिष्ट असतें. चुन्यानें आळणारा चिकट पदार्थ कोन्याकूंत भरपूर आहे, सुरणांत नाहीं म्हटलें तरी चालेल. आणि कोन्याकू आपल्याकडे लावावा, तर देशावरचें ऊन त्या एकुलत्या पानाला भाजील. महाबळेश्वराकडे गारवा आहे, पण तेथील धो धो पावसांत या पानाला करपा व गड्ड्याला सड आवरणें कठीण, असें आम्हांस वाटतें. ज्याला हौस आहे त्यानें परसांत, झाडाच्या सांवलींत, दहा-वीस पिलांवर तीन वर्षें अनुभव घ्यावा. बियाण्याच्या जाहिरातीवर विसंबून एकरभर जमीन गुंतवूं नये. विकणारा आपले पैसे पहिल्याच सालीं घेऊन जातो, आणि पिकाचा निकाल चौथ्या सालीं लागतो.

कोन्याकूच्या कोठीचा धडा मात्र आपल्या सुरणाला आजही लावतां येतो. आपल्याकडे सुरण काढल्यावर बियाण्याचे गड्डे घराच्या कोपऱ्यांत ढीग करून टाकतात, किंवा ओलसर पडवींत मातीवरच ठेवतात. त्याऐवजीं, पान पुरतें वाळल्यावर आणि जमीन सुकल्यावर काढणी करावी. गड्ड्यांची माती पाण्यानें न धुतां हातानें झाडावी. पिलें मोडलेली जागा आठ दिवस सांवलींत, वाऱ्यावर सुकूं द्यावी. मग माळ्यावर, तट्ट्यावर, एकमेकांस न टेकतील असे, कोंब वर करून मांडावे. चिरलेले व कुदळ लागलेले गड्डे बियाण्यांत मुळींच घेऊं नयेत, ते आधीं खाण्यांत संपवावे. लावतांना गड्डा कापावयाचा असेल तर प्रत्येक फोडीस कोंबाचा भाग येईल अशा रीतीनें कापावा, आणि कापलेल्या अंगाला राख लावून तें सुकल्यावरच फोड मातींत घालावी. अवकाळी पाऊस आला तर माळ्यावरच्या गड्ड्यांना दुसऱ्याच दिवशीं हात लावून पाहावें.